भाऊकाकांच्या गाडीचा डावा पाटा

माझ्या स्वयंपाकघरातली विळी विलायती आहे असं मी सांगितलं की आमच्या सुना हसतात. पण ते खरं आहे. तिचं पातं एका विलायती गाडीच्या पाट्याचं आहे. गाडीच्या मागच्या चाकांवर धक्के सोसायला पोलादी पट्ट्यांची कमान असते, एकीखाली एक बांधलेली, तिला आमच्याकडे पाटा म्हणतात. पाटा मोडला की आमच्या भागात तो भंगारात जात नाही, त्याच्या विळ्या आणि कोयते होतात. या पाट्यातली सगळ्यात वरची लांब पट्टी मोडून तिचे दोन तुकडे झाले होते. एका तुकड्याची विळी मला मिळाली आणि दुसऱ्याची माझ्या चुलत बहिणीला, नंदाला. तिची मोठी आहे. परवा रोह्याला गेले होते तेव्हा ती दूध आणायला बाहेर पडली तशी मी तिच्या विळीला हळूच वीत लावून बघितली. इतक्या वर्षांत झिजून बरोबरी झाली असेल असं वाटलं होतं. झालेली नाही. या वयात माणसं म्हणतात, आता कुणाबद्दल मनात काही नाही. माझ्या आहे, आणि ते कुठून सुरू झालं तेही मला चांगलं आठवतं.

पेणला रामवाडीत हमरस्त्याच्या कडेला माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पाटे दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून आमचं घर. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि रस्ता इतका रुंद झालाय की आमची विहीर नेमकी कुठे होती ते मलाही सांगता येत नाही. तेव्हा मिठागरांतून मीठ भरून निघालेले ट्रक आमच्या दारात रांगेने उभे असायचे. मीठ लोखंडाला खातं आणि त्यावर आपण जेवतो, असं अण्णा म्हणायचे. सकाळी मला जाग यायची ती घणाच्या आवाजाने. घण मारायला दाऊदभाई होते, मोठ्या खांद्यांचे आणि त्याहून मोठ्या तोंडाचे, त्यांचे दोघे भाऊ दुबईला आणि हे मात्र पेण सोडायला तयार नाहीत. एकीकडे भट्टीचा भाता, दुसरीकडे आईच्या चुलीवरचं सुकटीचं कालवण, आणि मधल्या अंगणात खाटेवर वाळत घातलेले पोह्याचे पापड. भट्टीची काजळी उडून त्या पापडांवर बसायची. आई रोज अण्णांशी त्यावरून भांडायची आणि पाहुण्यांना मात्र गंभीर चेहऱ्याने सांगायची की यात काळे तीळ घातलेत.

मी एकुलती एक. वर्कशॉपमध्ये माझं काय काम, असं कुणी विचारलं की अण्णा सांगायचे, “हिचा हात बारीक हाय. जिथं माझा जात नाय तिथं हिचा जातो.” एवढंच ते माझ्याविषयी बोलायचे, पण मला ते पुरायचं. नवा पाटा घडवायचा तर आधी अण्णा जमिनीवर खडूने त्याच्या कमानीची रेघ काढायचे. मग तापवलेली पट्टी दाऊदभाई ठोकायचे, मध्येच ती त्या रेघेवर आणून धरायची, कुठे वर आहे, कुठे खाली आहे बघायचं, पुन्हा ठोकायची. पट्टी रेघेवर बरोबर बसली की नाही हे वाकून सांगायचं काम माझं. मी ‘बसली’ म्हटल्याशिवाय अण्णा तिला पाणी द्यायचे नाहीत, म्हणजे कडक व्हायला तेलात बुडवायचे नाहीत. शाळेत माझ्या मैत्रिणींना कशाकशात बक्षिसं मिळायची. मला हे होतं.

अण्णांचे मोठे भाऊ, भाऊकाका, शिकले होते. धाटावच्या कंपनीत केमिस्ट होते आणि रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला राहायचे. कंपनीत यंत्रं बसवायला आलेला एक गोरा साहेब मायदेशी परत जाताना आपली गाडी काकांच्या गळ्यात घालून गेला. कैरीच्या रंगाची, बुटकी, टपाऐवजी कापड आणि आत जेमतेम दोन माणसांची जागा. आमची भातशेती पेणच्या बाजूला, दोघा भावांत सामाईक. दरवर्षी भात झोडून झालं की काका त्या गाडीतून आपला वाटा न्यायला यायचे. एक पोतं मागच्या फळीवर आणि दुसरं शेजारच्या सीटवर, दोरीने बांधून. साहेबाने जिच्यातून मडमेला फिरवलं असेल तिच्यातून भाताचं पोतं निघालंय, केस उडवत काका निघालेत, आणि अख्खी रामवाडी बघतेय. अण्णा दरवर्षी म्हणायचे, “भाऊ, हिची तू बैलगाडी केलीस. पाटा मोडंल एक दिवस.” आणि काका दरवर्षी म्हणायचे, “मोडला तर तू हायस ना.”

आणि एका वर्षी मोडला. भात घेऊन जातानाच, भिसे खिंडीत, डाव्या चाकावरचा. काकांनी कशीबशी गाडी अष्टमीला नेली, पडवीत लावली आणि निरोप धाडला की कधी आणू. अण्णांच्या दारात मिठाच्या ट्रकांची रांग होती. त्यांनी उलट निरोप दिला, शिमगा होऊ दे, मग आण, सावकाश करू. शिमग्याच्या आधी भाऊकाका एका तापात गेले. अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. फक्त त्या वर्षी शिमग्याला आमच्या वर्कशॉपची भट्टी पेटली नाही.

जूनमध्ये नंदा आमच्याकडे राहायला आली, पेणच्या कॉलेजात जायला. माझ्याच वयाची. ती एक ट्रंक घेऊन दारात उभी राहिली आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं सगळं माझ्या हातातून निसटत गेलं असं मला वाटू लागलं. खिडकीजवळची माझी जागा तिला मिळाली. कालवणातला मधला तुकडा तिच्या ताटात जाऊ लागला. आई वेणी घालायला बसली की आधी तिला बोलवायची, कारण तिचे केस लांब, आणि मग माझ्या वाटेला उरलेलं तेल आणि उरलेला वेळ. हे सगळं मी गिळलं असतं. पण अण्णा! ज्या माणसाने जन्मात मला ‘ए’ आणि ‘उषे’ याखेरीज हाक मारली नाही तो माणूस तिला ‘बाळ’ म्हणू लागला. कामावरून हात धुऊन आले की आधी तिच्याजवळ बसायचे, कॉलेजात काय झालं विचारायचे. मीही त्याच कॉलेजात जात होते. माझ्याही कॉलेजात काहीतरी होत असेल, हे त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. मी तिला नावं ठेवायला कारण शोधायचे आणि ती एकही कारण द्यायची नाही. भांडी घासायची, आवाज चढवायची नाही, आईच्या पापडांवरची काजळी एकेक करून फुंकायची. याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं अण्णांनी एक दिवस जेवताना सांगून टाकलं, “भाऊची गाडी हिकडं आणतोय. श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती त्याच्या दारात उभी र्‍हायली पायजे. आपल्या पायांनी गेली पायजे.” मीठ उतरवून रोह्याहून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकवर चढवून गाडी आली. ती आमच्या वर्कशॉपमध्ये, त्या ट्रकांच्या मधे, पोरकी दिसत होती. डावीकडे मागे पार बसलेली, चाक पत्र्याला टेकलेलं. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मनाशी ठरवलं की ही गाडी दुरुस्त होऊन रोह्याला निघेल तेव्हा अण्णांच्या शेजारी मी बसणार. दोनच जागा. एक अण्णांची. दुसरीवर, खाली झोपून जिने पाटा काढला आणि बसवला तिचा हक्क. मला हे इतकं स्वच्छ वाटत होतं की मी ते कुणाला बोलूनही दाखवलं नाही. दुसऱ्याच दिवशी आई भाकऱ्या थापता थापता अण्णांना म्हणाली, “नंदा जाईल तुमच्यासंगती गाडीतनं. आम्ही दोघी यष्टीनं येऊ.”

“का?” मी विचारलं.

“का म्हणजे? गाडी कुणाच्या बापाची हाय?”

मी भाकरी न खाता उठले. आईने ती भाकरी नंदाला वाढली.

ट्रकांची कामं सांभाळून गाडीचं काम रविवारी चालायचं. जॅक लावून मागची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे घातले, आणि अण्णा नि मी खाली शिरलो. पाटा आसाला आवळून धरणारे बोल्ट गंजून दगड झाले होते. रॉकेल ओतून ठेवायचं, तासाभराने पान्याला नळी लावून जोर द्यायचा, पुन्हा रॉकेल. गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडायचे. अण्णा बोलायचे नाहीत, फक्त हात पुढे करायचे आणि मी त्या हातात बरोबर ते हत्यार ठेवायचे. त्या अंधाऱ्या फटीत, तेलाच्या वासात, मी सुखी असायला हरकत नव्हती. पण मान वळवली की मला नंदाच्या चपला दिसायच्या. ती गाडीशेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. स्वच्छ टाचा, पट्ट्याच्या निळ्या चपला, जागच्या जागी. कशाला हात लावायची नाही. आणि अण्णा, जे माझ्याशी अक्षर बोलत नव्हते, ते खालूनच तिला हाका मारायचे. “नंदा बाळ, भाऊ आरसा कुठं लावायचा गो? बाहेर का आत?” ती सांगायची, “आत, काका.” झालं. एवढ्या उत्तरावर अण्णा खूश. एकदा बोल्ट सुटताना माझ्या बोटाचं साल निघालं. मी ओरडले तर अण्णा म्हणाले, “पुस गो, आणि पाना दे.” त्या निळ्या चपलांवर एक किटली रॉकेल ओतावं असं मला वाटलं होतं. ओतलं नाही, पण अजून कुणाच्या पायांत तसल्या चपला दिसल्या की माझा हात वळवळतो.

पाटा खाली आला, मधला बोल्ट काढला तशा पट्ट्या सुट्या झाल्या. बाकीच्या ठीक होत्या, मोडली होती ती वरची मुख्य पट्टी. तसली पट्टी इथे कुठून मिळणार? अण्णांनी एका जीपची जुनी पट्टी कापून तिची नवी करायची ठरवली. भट्टी पेटली. टोकं तापवून सळईभोवती वळवली, त्यांत बोल्ट जायला भोकं झाली. मग अण्णांनी जमिनीवर खडूने कमानीची रेघ काढली आणि मी चकित झाले. रेघ पार फुगीर होती, मिठाच्या ट्रकला काढावी तशी.

“अण्णा, एवढी कमान? उजव्या पाट्याची बघा ना, किती सपाट हाय. ही काय ट्रक हाय?”

अण्णांनी माझ्याकडे न बघता रेघेवरून पुन्हा खडू फिरवला. “भात असतो गो मागं,” ते म्हणाले.

दाऊदभाईंनी घण उचलला होता तो तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून. पट्टी लाल झाली, ठोकली, रेघेवर आणली. अण्णांनी विचारलं, “बसली?” त्या रेघेवर ती बरोबर बसली होती, त्यामुळे ‘बसली’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्टुलावरून नंदाने पुस्तकातून मान वर केली होती. तिने काही ऐकलं की नाही ते मला कळलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पाटा चढवला. शेवटचा बोल्ट डोळ्यासमोर असून भोकात जात नव्हता, अण्णांचा हात पोहोचत नव्हता, तो मी घातला. जॅक उतरवला. तिघंही मागे सरकून बघत राहिलो. गाडी पुढून टेकली, मागून उजवीकडे टेकली, आणि डावा कुल्ला वर करून तशीच थांबली. दाऊदभाई दुसऱ्या बाजूने फिरून आले. “अण्णा, गाय उठते तशी दिसते,” ते म्हणाले. “अर्धी उठली आणि इचार बदलला.” मग स्वतःच मागे चढून बसले, दोनदा आपटले. पाटा जरा दबला, ते उतरले की पुन्हा वर. पेणपासून नागोठण्यापर्यंत ठीक होतं, पण खिंडीतल्या वळणावर असली तिरकी गाडी नेणं म्हणजे उलथायची तयारी. पट्टी पुन्हा काढून, तापवून, कमान उतरवायला दिवस लागला असता. श्राद्ध उद्यावर. अण्णा गाडीभोवती फिरत होते आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. एरवी कुणी चूक दाखवली की उसळून अंगावर यायचे, आज नुसते फिरत होते.

आई डबा घेऊन आली, दारातच थांबली. नऊवारीचा पदर खोचत तिने गाडी नीट बघितली आणि सहज म्हणाली, “भावोजी भात भरायला यायचे ना, तश्शी उभी हाय. पोती टाका, बसंल.” मग जरा थांबून, “त्यांचा वाटा कोपऱ्यातच हाय अजून.”

तो होता. काका गेल्यानंतरच्या हंगामातही भात झोडल्यावर सवयीने दोन वाटे झाले होते, आणि भाऊकाकांची पोती ओटीच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. त्यांना कुणी हात लावला नव्हता. कशी नेणार, हेही कुणी विचारलं नव्हतं. दाऊदभाईंनी एक पोतं पाठीवर घेतलं आणि मागच्या फळीवर टाकलं. डावी बाजू खाली आली, पण पुरती नाही. अण्णा म्हणाले, “पुढं. डावीकडं.” म्हणजे सीटवर.

“मग मी कुठे बसू?” हे माझ्या तोंडून निघून गेलं.

अण्णांनी मला आणि नंदाला एकदा मापून बघितलं, बाजारात कोंबडी बघतात तसं. “तुमी दोघी मिळून बसलात तरी चालायचं नाय. पोतं जड हाय.”

आणि अशा रीतीने, ज्या जागेसाठी मी इतके रविवार जीव जाळला, त्या जागेवर भाताचं पोतं बसलं. अण्णांनी त्याला दोरी गुंडाळली, गाठ मारली, ओढून बघितली. गाडी सपाट झाली, अगदी पाण्यासारखी. दाऊदभाईंनी टाळी वाजवली. गाडी सुरू झाली आणि निघाली आणि मी एका पोत्याचा हेवा करत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तेवढ्यात आईने माझ्या हातात पापडांचा डबा दिला.

एसटीत आईला पुढे जागा मिळाली. मी आणि नंदा मागच्या बाकावर, मधे डबा. नागोठण्याच्या थांब्यावर बस बराच वेळ उभी राहिली. अण्णा कुठेतरी पेट्रोलला थांबले असावेत, कारण तिथे ते मागून आले आणि आमच्या खिडकीखालून गेले. टपाचं कापड मागे सारलेलं होतं, वरून सगळं दिसत होतं. अण्णांचा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा पोत्याच्या खांद्यावर, म्हणजे खांदा असता तिथे. आणि अण्णा बोलत होते. ओठ हलत होते, मान हलत होती, एकदा तर त्यांनी त्या पोत्याकडे वळून हात उडवला, वाद घालताना उडवतात तसा. गाडीखाली जो माणूस माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता तो पोत्याशी अखंड बोलत खिंडीकडे निघून गेला.

मी नंदाकडे बघितलं. तिनेही बघितलं होतं. ती म्हणाली, “माझे बाबा माझ्याशी तसे बोलायचे नायत.”

बस हलली. वळणं लागली तशी तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने पिशवीतून लिंबू काढून नाकाला लावलं. “मला लागते गाडी,” ती म्हणाली. “बाबांच्या गाडीत पण लागायची. मी दोनदा ओकले तिच्यात. मग त्यांनी मला न्यायचं सोडलं.”

“म्हणजे तुला बसायचं नव्हतं?”

“मला ती गाडी बघवत नाय, उषा.” तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी डबा मांडीवर घेतला आणि तिच्या जवळ सरकले, नुसतं नीट ऐकू यावं म्हणून. “रविवारी बाबा घरी. पण ते गाडीखाली. मी बाजूला बसायची दिवसभर. मला त्यांचे पाय पाठ हायत. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. तोंड आठवायला गेलं की आधी ते नख येतं.” मग लिंबू दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, “तुला खाली तरी बोलवतात.”

मी आजवर पुष्कळ लोकांचा हेवा केला आहे, पण माझा कुणी करत असेल अशी कल्पना तोवर माझ्या मनाला शिवली नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तिची दया आली ती नंतर, अष्टमीच्या थांब्यावर उतरताना, तिने माझ्या हातातला डबा न सांगता घेतला तेव्हा.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी काकूच्या दारात उभी होती. पोती उतरवून झाली होती आणि डावा कुल्ला पुन्हा वर. शेजारपाजारचे जमले होते. काकू उंबऱ्याच्या आतच होती. तिने गाडीकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं आणि अण्णांना म्हणाली, “हात धुवा भावोजी, चहा ठेवते.” दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. काकांना मुलगा नव्हता, अण्णांनीच केलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी. काकूने कुणालाही स्वयंपाकघरात फार मदत करू दिली नाही. दुपार कलल्यावर पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि अण्णा अंगणात गाडीजवळ जाऊन चावी हातात खेळवत उभे राहिले. मग आमच्याकडे बघून म्हणाले, “पुलापर्यंत एक चक्कर मारतो. कोण येतंय?”

पोती नव्हती. जागा रिकामी होती. नंदाने मला कोपर मारलं, “जा गो.” मी एक पायरी उतरलेही. तेवढ्यात मागून काकू आली, हात पदराला पुसत. “मी येते भावोजी,” ती म्हणाली.

अण्णांनी दार उघडलं. काकू गाडीशी जाऊन जरा थांबली, बसायचं कसं हे तिला कळेना. मग बाजूने बसली आणि पाय आत घेतले. त्या गाडीत ती कधीच बसली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. अण्णा म्हणाले, “वहिनी, कधीच नाय?” काकू म्हणाली, “पेणला यायचं म्हटलं तर मी बसली की भात र्‍हायचा.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. होती ती नुसती हकिकत. या सीटवर कुणाचा हक्क याचा मी कितीतरी दिवस हिशेब घालत होते आणि त्यात काकूचं नाव एकदाही आलं नव्हतं. नंदा आत धावली, लिंबू घेऊन आली आणि काकूच्या हातात कोंबलं. गाडी निघाली. तिरकीच. काकूने दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं आणि लिंबूही धरलं होतं.

ती दोघं बऱ्याच वेळाने आली. काकू उतरली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि डोळे लाल होते, वाऱ्याने असेल. लिंबू तिने नंदाला परत दिलं, न वापरलेलं. माझ्याकडे वळून म्हणाली, “जा, आता तू बस. मी बसली पोटभर.”

मी बसले. सीट अजून गरम होती आणि भाताची कुसं शिवणीत अडकली होती, ती मांडीला टोचत होती. अण्णांनी गाडी रस्त्यावर घेतली. नंदा दारात काकूजवळ उभी होती. मी हात केला, तिने लिंबाचा हात हलवला. कुंडलिकेच्या पुलावर आलो. मी वाट बघत होते की अण्णा बोलतील, पोत्याशी बोलले तसं. धाटावच्या शिफ्टचे लोक सायकलींवरून चालले होते, ते वळून गाडीकडे बघत होते. अण्णा काही बोलले नाहीत. रोह्याच्या टोकाला जाऊन त्यांनी गाडी वळवली, पुन्हा पुलावर आणली, आणि मधोमध एकदम मंद केली. कान देऊन ऐकत होते, मागच्या डाव्या चाकाकडे.

“वर हाय गो अजून,” ते म्हणाले.

“हाय,” मी म्हटलं.

“पेणला गेलो की खोलू. तू खालनं ये, मी वरनं धरतो.” त्यांनी नदीकडे बघितलं, मग समोर. “कमान उतरवू या. भात नसतो आता मागं.”